चारशे सतरा नंबरच्या कार्डाची व्यवस्था

मी, फ्लॉरेन्स मेरी वोयनार, वय वर्षे त्र्याऐंशी, अविवाहित, धंदा पूर्वी छापखान्यात कागद कापण्याचा व आता काही नाही, राहणार २६, फर्नेस स्ट्रीट, कोलमन्स बेंड, पेनसिल्व्हेनिया, आज लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, आणि असते तरी मी ते मानले नसते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मागवावा लागला माझा भाचा ड्वेन याच्यामुळे. मागच्या थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता त्याने मला दोनदा विचारले, "मावशी, हल्ली विसरायला होतं का गं?" डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले आणि विचारले, "आता शून्याच्या खाली जाऊ का?" त्यांनी लगेच सही केली.

कलम १. यापूर्वीचे, १९९१ सालचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझी धाकटी बहीण आयरीन हिच्या नावे होते. ती माझ्या आधी गेली. लहानपणापासून तिला पुढे पळायची सवय.

कलम २. राहते घर, त्यातील सामानसुमान आणि मागचे अंगण आयरीनचा मुलगा ड्वेन याला द्यावे. त्याने दोनदा छप्पर दुरुस्त करून दिले आणि दोन्ही वेळा खिळे अंगणात विसरला. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. घर गरम करायच्या तळघरातल्या भट्टीला वरून लाथ मारल्याशिवाय ती पेटत नाही. घर विकताना हे गिऱ्हाइकाला सांगावे.

कलम ३. कागद कापण्याचे यंत्र, त्याची तीन पाती, कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी आणि भिंग गावच्या हायस्कूलला द्यावे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने हे यंत्र भंगारात काढले होते. मी ते चार माणसे लावून गॅरेजमध्ये आणले. चव्वेचाळीस वर्षांत त्याने माझ्या डाव्या करंगळीचे टोक घेतले. माझा त्याच्यावर राग नाही. लक्ष माझे दुसरीकडे होते. रेडिओवर बेसबॉलचा नववा, शेवटचा डाव चालू होता.

कलम ४. बेसबॉलची सर्व कार्डे, म्हणजे जिन्याखालचे बुटांचे एकेचाळीस खोके, ड्वेनलाच द्यावीत. त्याने ती खुशाल विकावीत. त्यात काही चांगली आहेत, बहुतेक सामान्य आहेत, आणि मला सामान्यच जास्त आवडतात. नामवंतांना सगळे जपतात. एक हंगाम खेळून गावी परतलेल्याला एक कार्ड सोडले तर कोण जपतो?

या खोक्यांत चारशे सतरा नंबरचे एकही कार्ड नाही. ड्वेनने शोधत बसू नये.

कलम ५. हे कलम लांब आहे. माझ्या वकील ग्रेटा लिंडक्विस्ट म्हणाल्या, "फ्लॉरेन्स, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कोणाला काय, एवढंच लिहायचं."

"कारण न लिहिता दिलं तर लोक म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला होता."

"दस्त लांबेल."

"कागद माझ्याकडे भरपूर आहे."

तर १९६२ सालच्या संचातले चारशे सतरा नंबरचे कार्ड माझा थोरला भाऊ चेस्टर वोयनार याच्या नावाचे आहे. तशी एक हजार एकशे त्र्याऐंशी कार्डे माझ्या ताब्यात आहेत. ती कुठे आहेत हे फक्त ग्रेटाबाईंना ठाऊक आहे.

चेस्टर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी नऊ वर्षांची असताना त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून, रेडिओ ऐकत सामन्याची नोंद कशी लिहायची ते शिकवले. एकही चेंडू सुटला तर तो पेन्सिल हिसकावून घ्यायचा. त्याला जाड भिंगांचा चष्मा होता, आणि उजव्या हातात असा फेकीचा जोर होता की पोलादाच्या कारखान्याच्या संघात कोणी त्याचा चेंडू झेलायला सहजी तयार होत नसे. १९६१ च्या मार्चमध्ये त्याला मोठ्या संघाच्या सराव शिबिरासाठी फ्लोरिडाला बोलावले. त्या हंगामात तो नऊ सामन्यांत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून उतरला. एक जिंकला. त्या एका सामन्याची माझ्या हातची नोंद फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे. ती फ्रेम घराबरोबर जाणार नाही, माझ्याबरोबर जाईल.

पुढच्या वसंतात च्युइंगमच्या पाकिटांतून खेळाडूंच्या फोटोंची कार्डे आली. बाबा, म्हणजे इग्नसी वोयनार, भट्टीवर काम करायचे. एका पाकिटाच्या किमतीवरूनही कुरकुर करणारा माणूस; त्यांनी कोपऱ्यावरच्या ह्रुस्काबाईंच्या दुकानातून पाकिटांचा अख्खा खोका विकत आणला. पाकिटातले च्युइंगम एका बाजूला, कार्डे दुसऱ्या बाजूला, असे ते टेबलावर बसून एकेक फोडत गेले. तिसावे की एकतिसावे पाकीट असेल. त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला.

"हा कोण?"

मी वाकून पाहिले. "नाव आपलं आहे, बाबा."

"नाव मला वाचता येतं. तोंड कोणाचं आहे?"

फोटोतल्या माणसाला चष्मा नव्हता. हनुवटी लांब, कान बाहेर आलेले, आणि चेंडू डाव्या हातात. उलट बाजूला स्वच्छ छापले होते: उजव्या हाताने फेकतो. चेस्टर दारात उभा होता. "छपाईत चूक झाली असेल, बाबा," तो म्हणाला आणि अंगणात निघून गेला. मी छापखान्यात होते, अशा चुका रोज पाहत होते. त्यामुळे मला ते चटकन पटले.

मी कार्डे छापणाऱ्या च्युइंगम कंपनीला पत्र लिहिले. उत्तरादाखल च्युइंगमचा एक खोका आला, चिठ्ठीसुद्धा नाही. त्या कंपनीचे नाव या दस्तात कुठेही नाही. ग्रेटाबाई म्हणतात ते कायद्याने बरे. मी म्हणते, त्यांनी माझ्या भावाचा चेहरा छापला नाही, मी त्यांचे नाव छापत नाही.

त्याच जूनमध्ये चेस्टरचे कोपर गेले आणि तो घरी आला. क्लबात लोक त्याला म्हणायचे, "काय रे चेस्टर, फ्लोरिडाला जाऊन तोंड बदलून आणलंस की काय?" पहिल्या वर्षी तो हसला. दुसऱ्या वर्षी त्याने क्लबात जाणे सोडले. गावच्या पाणीपुरवठ्यावर नोकरी धरली. १९७९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पंपाच्या खोलीत त्याचे हृदय बंद पडले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. गावचा मोठा खेळाडू गेला म्हणून कोणीतरी आदराने कार्ड शोधून काढले होते आणि तोच फोटो छापला होता. आईने पेपर हातात घेतला. बातमी न वाचता फोटोच पाहत राहिली आणि मला म्हणाली, "हा कोण गेला गं? तरुणच दिसतोय."

त्या दिवशी मी ठरवले की हे कार्ड जगात राहणार नाही.

मी आठवड्याचे पाच दिवस कागद कापायचे आणि शनिवारी गाडी काढून कार्डांच्या बाजारांना जायचे, ओहायोपासून मेरीलँडपर्यंत. मासिकांत जाहिरात दिली: चारशे सतरा नंबर हवा, कोणत्याही अवस्थेत, दुमडलेले चालेल, चहाचे डाग चालतील. सुरुवातीला लोक ते मला नुसतेच देऊन टाकायचे. मग त्यांच्या लक्षात आले. आमच्या जिल्ह्यातल्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष गॉर्डन हॅव्हर्ली, औषधांचे दुकानदार, भर सभेत उठून म्हणाले, "फ्लॉरेन्सबाई, तुमच्यापायी देशात कोणाचा संच पुरा होत नाहीये."

"मग चारशे सोळावर थांबा."

ओरेगनच्या एका दंतवैद्याने मला त्याच्या भिंतीचा फोटो पाठवला. सगळी कार्डे ओळीने लावलेली आणि मध्ये एक रिकामी चौकट. खाली लिहिले होते, 'माझ्यावर दया करा.' मी उलट टपाली कळवले की आमच्याही घरात एक जागा रिकामी आहे.

अशी नऊ वर्षे गेली. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बाजार होता. माझ्या टेबलासमोर एक उंच माणूस येऊन उभा राहिला. केस पांढरे, हनुवटी लांब, कान बाहेर. त्याने नाव सांगायची गरज नव्हती. त्या तोंडाच्या सहाशे बारा प्रती माझ्या घरात होत्या.

"मी एव्हरेट टॉलिव्हर," तो म्हणाला. "केंटकीहून आलोय. तुम्ही चेस्टरची बहीण ना? मला एक चारशे सतरा विकत द्याल का?"

"नाही."

"बाई, माझ्याकडे होतं ते घराबरोबर जळालं. दुसरं कुठं मिळत नाही. लोक सांगतात सगळी तुमच्याकडे आहेत."

"ते माझ्या भावाचं कार्ड आहे. तुमच्या नावाचं तुम्ही जपा."

"माझ्या नावाचं निघालंच नाही. मी चार सामने खेळलो. माझं तोंड छापलं गेलं ते तेवढ्या एका ठिकाणी."

तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. मी म्हणाले, "माझ्या आईला तिच्या मुलाच्या मृत्यूच्या बातमीत तुमचं तोंड बघावं लागलं."

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुम्हाला त्यानं सांगितलं नाही वाटतं. आम्ही शिबिरात एका खोलीत होतो. फोटोच्या आदल्या दिवशी चेंडू त्याच्या डोळ्यावर बसला, चष्मा फुटला, अर्धं तोंड काळंनिळं. फोटोवाला एकच दिवस येणार होता. चेस्टर म्हणाला, 'टॉलिव्हर, माझ्या जागी तू उभा राहा. हे तोंड बघितलं तर आई घाबरेल.' मी उभा राहिलो. त्यानं सांगितलं म्हणून."

"तुम्ही खोटं बोलताय," मी म्हणाले, तेही शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाईल असे.

त्याने टोपी घातली. "बरं, बाई," एवढेच म्हणाला आणि आठ तासांच्या रस्त्याने रिकाम्या हातांनी परत गेला.

मी घरी आले ती चेस्टरची पत्रे काढायलाच. टॉलिव्हरला खोटे पाडायचे होते. फ्लोरिडाहून त्याने मला लिहिलेली अकरा पत्रे बिस्किटांच्या डब्यात होती. एकवीस मार्चच्या पत्रात, हवामान आणि जेवण यांच्या मधोमध, दोन ओळी होत्या: 'फ्लॉस, काल डोळ्यावर चेंडू बसला. दोन दिवस तोंड कोणाला दाखवण्यासारखं नाही. आईला सांगू नकोस.' हे पत्र मी १९६१ साली वाचले होते आणि सांगितल्याप्रमाणे आईला सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी कार्ड हातात आले तेव्हा मला त्या ओळी आठवल्या नाहीत. सव्वीस वर्षे मी च्युइंगमवाल्यांवर जळत राहिले, आणि माझा भाऊ बाबांपुढे तोंड उघडू शकला नाही म्हणून अंगणात जाऊन उभा राहत होता.

येथे ग्रेटाबाईंनी विचारले की मग कंपनीवरचा राग काढून टाकायचा का. नाही. राग आहे तसा राहू द्यावा. उजवा हात कोणता आणि डावा कोणता हे ज्यांना पाहता येत नाही, त्यांनी बेसबॉलची कार्डे छापू नयेत.

नोव्हेंबरात मी केंटकीला गेले. दार त्याच्या मुलीने, नेडीनने, उघडले. तो स्वयंपाकघरात मक्याचा पाव खात बसला होता. मी उभ्या उभ्याच बोलले, "मी माफी मागायला आलेय. पण तुम्ही खरं बोलत होता तेवढ्यापुरतीच. ते तोंड तुमचं आहे याबद्दल मी अजून रागावलेली आहे."

"त्या तोंडाबद्दल माझी बायकोही रागवायची," तो म्हणाला. "बसा. पाव गरम आहे."

मी त्याला चारशे सतराची दहा कार्डे दिली. त्याने एकच घेतले. आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. चेस्टर झोपेत चेंडूंची संख्या मोजायचा, हे मला त्या दिवशी कळले. १९६२ साली टॉलिव्हरनेही कंपनीला पत्र लिहिले होते आणि त्यालाही च्युइंगमचा खोका आला होता, हेही कळले.

परत आल्यावर मी मालकाच्या परवानगीने दोन रविवार छापखाना उघडला आणि दोन कार्डे छापली. एकावर चेस्टर, चष्म्यासकट, खाली त्याचे नाव. दुसऱ्यावर एव्हरेट टॉलिव्हर, नेडीनने दिलेल्या शिबिराच्या वर्षीच्या फोटोवरून, चेंडू डाव्या हातात, आणि मागे: डाव्या हाताने फेकतो, सामने चार. मी ती स्वतः कापली. चारही बाजूंना समास सारखा आहे. भिंग लावून पाहावे. दोनशे प्रती मी त्याला पाठवल्या. तो आणखी नऊ वर्षे जगला. नेडीन सांगते की तो खिशात गड्डी घेऊनच हिंडायचा, आणि दवाखान्यात परिचारिकांना एकेक देऊन म्हणायचा, "हा मी. हात बघा, डावाच आहे."

हॅव्हर्लींना हे कळले तेव्हा त्यांनी मंडळाची सभा बोलावली आणि खोटी कार्डे छापल्याचा ठपका ठेवून मला काढून टाकण्याचा ठराव आणला. तो अकरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत माझे.

त्यानंतरही मी चारशे सतरा गोळा करत राहिले. आधी सगळी हाती आल्यावर ती एकदम नष्ट करायची होती. आता त्यांना बाजारात एकटे सोडायचे नव्हते.

कलम ६. मागच्या वर्षी ड्वेन लिलाव करणाऱ्या एका गृहस्थाला माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आला. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, या कार्डाचा सगळा बाजार तुमच्या मुठीत आहे." ते गेल्यावर मी ड्वेनला माझा बेत सांगितला. तो कळवळून म्हणाला, "मावशी, फुकट वाटलीस तर किंमत शून्य होईल."

"तेच तर."

माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे करावे. चारशे सतरा नंबरचे कार्ड जो कोणी पत्राने मागेल त्याला एक पाकीट विनामूल्य पाठवावे. पाकिटात तीन कार्डे असतील: कंपनीचे एक, माझ्या हातचा चेस्टर आणि माझ्या हातचा टॉलिव्हर. तिन्ही एकत्रच मिळतील. एकच हवे असणाऱ्याला एकही देऊ नये. मागणाऱ्याने पत्र स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि ही कार्डे प्लॅस्टिकच्या कवचात कायमची बंद करणार नाही असा शब्द द्यावा. हातात धरता येत नाही ते कार्ड म्हणजे दुकानाच्या काचेमागचा पाव. पहिले पाकीट ओरेगनच्या दंतवैद्याला. तो वारला असल्यास त्याच्या भिंतीच्या सध्याच्या मालकाला.

हे काम नेडीन टॉलिव्हर यांनी ग्रेटा लिंडक्विस्ट यांच्या मदतीने पाहावे. माझी बँकेतली शिल्लक टपालखर्चासाठी वापरावी. उरेल ते गावच्या मैदानावरच्या दिव्यांना द्यावे. उजवीकडचा खांब दोन वर्षे मिणमिणतो आहे आणि तिथे उडालेला चेंडू दिसत नाही.

कलम ७. ड्वेनने या व्यवस्थेला हरकत घेऊ नये. घेतल्यास घर हॅव्हर्लींना जाईल असे मी आधी लिहिले होते. ग्रेटाबाईंनी ते वाक्य काढायला लावले. त्याचे कारण कलम ९ मध्ये आहे.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला फुले आणू नयेत. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा असेल तर बेसबॉलच्या मैदानावर डावांच्या मध्ये वाजवतात तसा वाजवावा. फादरना हे पसंत पडणार नाही, पण तेव्हा मी वाद घालायच्या स्थितीत नसेन, याचा त्यांनी समाधानाने आनंद घ्यावा. वरील कशाचीही कोणी घाई करू नये. पाच एप्रिलला घरच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना आहे आणि माझे तिकीट काढून झाले आहे.

कलम ९. साक्षीदारांविषयी. ग्रेटाबाईंनी समजावले की साक्षीदार असा हवा ज्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. हे ऐकताच मला एकच नाव आठवले. मी फोन केला. गॉर्डन हॅव्हर्ली वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, काठी टेकत, आज सकाळी या कचेरीत आले. त्यांनी सगळा दस्त चष्मा वर-खाली करत वाचला. चाळीस मिनिटे लागली. मग कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाई, माझ्या संचातलं चारशे सतरा तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेलं. पस्तीस वर्षं झाली. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"मला माहीत होतं."

"मग एक आज..."

"आज दिलं तर तुमची साक्ष बाद. माझ्या पश्चात पत्र पाठवा, सगळ्यांसारखं. तुमच्या अक्षरात."

"तीनही घ्यावी लागतील?"

"तीनही."

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. "आणि मी तुमच्या आधी गेलो तर?"

"तर तुमचा संच चारशे सोळावर थांबेल, हॅव्हर्ली. म्हणून सांगते, तब्येत सांभाळा."

त्यांनी पेन मागितले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून पाहिला, तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. माझ्या सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार खोलीत हजर व पूर्ण जागे होते.

ठिकाण: कोलमन्स बेंड, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: १४ मार्च २०२४

(सही) फ्लॉरेन्स मेरी वोयनार

साक्षीदार:

१. (सही) ॲडेल क्रुपा, शेजारीण, २८, फर्नेस स्ट्रीट. फ्लॉरेन्स यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, नेहमीपेक्षा थोड्या जास्तच.

२. (सही) गॉर्डन हॅव्हर्ली, निवृत्त औषध विक्रेते. मजकूर वाचला. तो मला मान्य नाही. टॉलिव्हर यांच्या कार्डाचा समास भिंगातून पाहिला. चारही बाजूंना सारखा आहे.